ट्यूब किती दिवस पुरली?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 61) नऊ वर्षांपासून सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, पाठ आणि नडग्यांवर चट्टे आहेत. तीन डॉक्टर झाले. मलम आणून दिलं की आठ-दहा दिवस मन लावून लावतात, मग ट्यूब कपाटात. आठवड्याच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, त्याही मध्येच सोडल्या. विचारलं की चिडतात. हिशेबात चोख माणूस, बीपीची गोळी एक दिवस चुकवत नाही. मग त्वचेच्या औषधाच्या बाबतीतच असं का होतं?

उत्तर : बीपीची गोळी चुकवत नाहीत हे लिहिलंत ते बरं झालं, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. बीपीची गोळी म्हणजे एक घोट पाणी आणि पाच सेकंद. सोरायसिसचं मलम म्हणजे दार लावून घेणं, कपडे उतरवणं, हात पोचेल तिथे लावणं, जिथे पोचत नाही तिथे कुणाला तरी हाक मारणं, ते जिरेपर्यंत उघडं बसणं, मग हात धुणं. आणि हे रोज, पुष्कळदा दिवसातून दोनदा. चिठ्ठीवर मात्र दोन्ही औषधं एकेकाच ओळीत बसतात, त्यामुळे लिहिणाऱ्याला ती सारखीच वाटतात.

मी बावीस वर्षं त्वचारोगाची ओपीडी करतोय. त्यातली पहिली सहा एका सरकारी रुग्णालयात गेली. सकाळच्या वेळात दीडशे केसपेपर, एका पेशंटला दीड-दोन मिनिटं. ‘मलम लावताय ना?’ ‘हो साहेब.’ ‘गुण आहे का?’ ‘आहे थोडा.’ हा संवाद मी काही हजार वेळा केला असेन, आणि त्यातून मला कधीही काहीही कळलं नाही. ‘लावताय ना’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘नाही’ असं उत्तर देत नाहीत. समोर डॉक्टर बसलेला असतो. आता मी विचारतो, ‘मागची ट्यूब किती दिवस पुरली?’ यावर मात्र लोक खरं बोलतात. ‘अजून आहे की साहेब, निम्मी’ असं अगदी अभिमानाने सांगतात, जपून वापरली म्हणून.

आता हिशेब करू, तुमचे वडील हिशेबात चोख आहेत म्हणून मुद्दाम. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत, ट्यूबमधून मलमाची एक सरळ रेघ काढली तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. 1991 मध्ये ब्रिटनमधल्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी मांडलेलं हे माप आज जगभर वापरतात. बोटांसकट एक तळहात म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. तुमच्या वडिलांचे सगळे चट्टे एकत्र केले तर दहा तळहात भरतील असं धरू. म्हणजे एका वेळेला पाच पेरं, अडीच ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायचं तर पाच ग्रॅम. तीस ग्रॅमची ट्यूब सहा दिवसांत संपली पाहिजे, आणि पंधरा ग्रॅमची तीन दिवसांत.

त्यांना चिठ्ठीत किती ट्यूब लिहून दिल्या होत्या, ते जरा काढून बघा. एक असेल, फार तर दोन, आणि पुढे ‘एक महिन्याने दाखवा’. म्हणजे सांगितलेलं तंतोतंत पाळायचं ठरवलं असतं तरी सातव्या दिवशी ट्यूब रिकामी झाली असती. माणूस मग मनातल्या मनात तडजोड करतो: पातळ लावतो, फक्त दिसणाऱ्या जागी लावतो, एक दिवसाआड लावतो. तेवढ्याने चट्टा जात नाही. चट्टा गेला नाही की ‘या मलमात काही दम नाही’ हे पक्कं होतं, आणि ट्यूब कपाटात जाते. मीही कित्येक वर्षं ‘दिवसातून दोनदा, एक ट्यूब, एक महिना’ असंच लिहीत होतो. गणित चुकीचं माझं, आणि निष्काळजी ठरायचा पेशंट. डेन्मार्कमध्ये 2008 साली एक छोटा अभ्यास झाला, त्यात मलम वापरणाऱ्यांपैकी 95 टक्के रुग्णांनी ठरल्यापेक्षा कमी मलम वापरल्याचं दिसलं. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात त्वचारोगाच्या चिठ्ठीवरची साधारण एक तृतीयांश औषधं दुकानातून घेतलीच गेली नव्हती. तिथल्या लोकांचीही ही गत, तेव्हा ‘आपले लोक असेच’ हे वाक्य मी तरी बोलायचं सोडून दिलं.

हिशेबाइतकाच अवघड भाग हातांचा. माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर यायचे (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतो). कोपरं, गुडघे, डोकं सगळं साफ, पण कमरेच्या वर पाठीवर एक ताटाएवढा चट्टा वर्षभर तसाच. मी मलम बदललं, जास्त ताकदीचं दिलं, मग त्याहून जास्त ताकदीचं. एक दिवस बरोबर आलेला नातू पटकन बोलून गेला, ‘आजोबांचा हात पुरत नाही तिथे.’ बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मुलगा पहाटे कामाला जाणारा, सून. सुनेला पाठीला मलम लाव म्हणून सांगणं त्यांच्या पिढीच्या माणसाला मरणप्राय वाटतं. आणि डॉक्टरला ‘लावायला कुणी नाही’ म्हणणं हे त्याहून अवघड, कारण त्यात एकटेपणाची कबुली आहे. पुढच्या वेळी ते स्वतःच तोड काढून आले. लांब दांड्याच्या कालथ्याला जुन्या धोतराचं सुती कापड गुंडाळून सुतळीने बांधलं होतं. त्यावर मलम घ्यायचं आणि आरशात बघून लावायचं. मी मलमाऐवजी पातळ लोशन लिहून दिलं, म्हणजे कापड फार पिणार नाही. सहा आठवड्यांत पाठ सपाट झाली. तेव्हापासून पाठीला चट्टा असलेल्या प्रत्येकाला मी विचारतो, ‘इथे कोण लावून देतं?’ या प्रश्नावर होणारी शांतता मला आता ओळखता येते.

मग जागेचा प्रश्न. शहरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, मोरीला पडदा असतो, न्हाणीघर सामाईक. बाईमाणसाने मांडीला नि छातीखाली मलम लावून अर्धा तास उघडं बसायचं कुठे? आम्ही ‘आंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा’ म्हणतो. पाण्याच्या रांगेतून आलेल्या बाईला आंघोळीनंतरची तीन मिनिटं स्वतःची नसतात. बाहेर दार वाजवणारे उभे असतात. डांबराचं औषध तर बोलूच नका. कोल टार सोरायसिसला चांगलं आणि स्वस्त, पण त्याचा वास घरभर फिरतो आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला डाग धुऊन जात नाही. शिक्षक, पुजारी, बँकेतला माणूस हे लावून कामावर जाणार नाही, आणि रात्री लावलं तर गादी खराब होते म्हणून घरात बोलणी बसतात. मी आता आधी विचारतो, ‘कपडे धुतं कोण?’ औषधाचा आणि याचा थेट संबंध आहे.

सगळ्यात जास्त शिकलो ते ऊसतोडणीच्या लोकांकडून. बीड-नगरकडच्या टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला घर सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मधले पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. अशीच एक बाई आली होती, कंबरेपासून मांड्यांपर्यंत गजकर्ण पसरलेलं. मी सवयीने सुरू केलं: दिवसातून दोनदा आंघोळ करा, अंग कोरडं करा, मलम लावा, कपडे वेगळे गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. ती तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, ‘डाक्टर, पहाटं तीनला फडात जातो. आंघुळ कवा करू सांगा.’ पाणी टँकरचं किंवा कॅनॉलचं, आडोसा नाही, दोन लुगडी, आणि हंगाम संपेपर्यंत दवाखान्यात यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. मुकादमाची उचल डोक्यावर असताना खाडा परवडत नाही. मग मी चिठ्ठी फाडली. रात्री झोपताना एकदाच मलम, गोळी जेवणानंतर एक, सहा आठवड्यांचा साठा एकदम, आणि नवऱ्यालाही तेच. पाठ्यपुस्तकात बसणारं नव्हतं. पण ती ते करू शकणार होती, आणि तिने केलं.

गजकर्णाचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडं जास्त थांबतो, कारण औषध अर्धवट सोडण्याची सर्वात महाग किंमत आपण त्याच रोगात मोजतोय. बुरशीचं औषध सुरू केलं की खाज चार-पाच दिवसांत उतरते. बुरशी मात्र कातडीत असतेच. माणसाच्या लेखी रोग म्हणजे खाज; खाज गेली, रोग गेला, औषध बंद. पंधरा दिवसांनी कडेने पुन्हा लाल रिंगण उठतं. मग मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हटलं की मिळतं ते एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध, जंतूंचं औषध असं सगळं कालवलेलं मलम. ते लावल्याबरोबर दोन दिवसांत आराम! कारण स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं. बुरशी खाली निवांत वाढत राहते. माझ्या सहा आठवड्यांच्या चिठ्ठीची स्पर्धा या दोन दिवसांच्या आरामाशी असते. मीही पेशंट असतो तर काय निवडलं असतं, सांगता येत नाही. सरकारने 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. काउंटरवर काय चालतं ते तुम्हीही पाहिलं असेल. दरम्यान बुरशीही बदलली. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव तिला 2020 मध्ये मिळालं, नावातच आपला देश आहे, आणि तिच्या पुष्कळ प्रकारांवर टर्बिनाफिन हे जुनं भरवशाचं औषध नीट चालत नाही.

त्यात बारीकसारीक अडचणी अशा की सांगितल्याशिवाय कुणाला सुचणार नाहीत. कमरेचा करगोटा. घामाने कायम ओला, वर्षानुवर्षं न बदललेला, आणि नेमका त्याच्याखाली गजकर्णाचा पट्टा. तोडा म्हटलं की आई नको म्हणते, नजर लागेल. मी भांडत नाही. दोरा काढून चांदीचा घाला किंवा बरं होईपर्यंत देवाजवळ ठेवा म्हणतो. एका बाईंची गोळी लागूच पडेना. खोदून विचारलं तर नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास, वर पित्त होतं म्हणून सकाळी पित्ताची गोळी, आणि त्यावर लगेच बुरशीवरचं इट्राकोनाझोल. ही कॅप्सूल पोटभर जेवणाबरोबर आणि पोटात आम्ल असताना नीट शोषली जाते. बाईंनी एकही दिवस न चुकवता घेतली होती. म्हणजे औषध ‘पाळणं’ म्हणजे काय, हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं.

खरजेचंही तसंच, थोडक्यात सांगतो. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत औषध लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. प्रत्येक घरात एक काका असतात जे म्हणतात, ‘मला कुठे खाजतंय?’ पहिल्यांदा खरूज झाली तर खाज सुरू व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात, हे काकांना माहीत नसतं. महिन्याने सगळं घर पुन्हा माझ्यासमोर.

आता लोकांच्या समजुतींबद्दल. आमच्या बिरादरीत यावर हसायची पद्धत आहे. ‘मलम लावलं की रोग आत दाबला जातो’, ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे’ वगैरे. पण एक गंमत सांगतो. माझ्या सोरायसिसच्या कित्येक पेशंटनी वांगं सोडलेलं असतं. काहींनी मीठ, काहींनी आंबट, काहींनी मासे, तेही कोकणातल्या माणसांनी! सहा-सहा वर्षं, लग्नकार्यातसुद्धा पंगतीत बसून वांग्याची भाजी बाजूला सारतात. वांग्याने सोरायसिस वाढतो याला आधार नाही. पण बघा, जो माणूस सहा वर्षं वांगं सोडू शकतो त्याच्यात चिकाटी नाही असं म्हणता येईल का? पथ्य त्याला कळतं. ते घरात सगळ्यांना माहीत असतं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि आपण रोगाशी काहीतरी करतोय असं वाटतं. मलमाच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. एवढं कळल्यावर मी पथ्यावर हसणं बंद केलं. उलट म्हणतो, वांगं सोडलंय ना, राहू दे सोडलेलं. त्याच जागी हे मलम बसवू. कोडाच्या पेशंटचं मासे-दूध प्रकरणही असंच. तिथे तर चार-सहा महिने औषध केल्याशिवाय रंग भरतोय की नाही हे ठरवताही येत नाही, आणि मुलीचं लग्न ठरायचं असेल तर फाइल माळ्यावर आणि गोळ्या पाकिटातून काढून मसाल्याच्या डब्यात. पाहुणे आले की डोस चुकतो. यावर माझ्याकडे औषध नाही.

स्टेरॉइडच्या भीतीचंही मला नवल वाटत आलंय. एकाच घरातली आजी नातवाच्या इसबावर मी दिलेलं सौम्य स्टेरॉइड लावू देत नाही, कारण ‘कातडी जळते म्हणे’, आणि स्वतःच्या गजकर्णाला ते चौघं-पाचजण एकत्र असलेलं कडक मलम वर्षभर चोळत असते. मुलगी चेहऱ्यावरच्या वांगाच्या काळपट डागांवर मैत्रिणीने सांगितलेलं गोरं करणारं क्रीम लावते, त्यातही तेच. भीती आहे ती नावाची. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेल्याची नाही. मी नाव लपवत नाही. ‘यात स्टेरॉइड आहे, इतक्या ताकदीचं आहे, इतके दिवस लावायचं, चेहऱ्याला लावायचं नाही’ असं आधीच सांगून टाकतो. ते कुणाच्या तरी फॉरवर्डमधून कळलं तर माझी पुढची दहा वर्षांची औषधं संशयात जातात.

पैशांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतंच. इतकंच की महागडं मॉइश्चरायझर लिहिलं तर घरात ते ‘क्रीम-पावडर’ या खात्यात जातं, औषधाच्या खात्यात नाही, आणि महिनाअखेरीला पहिली काट त्यालाच बसते. साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लिहिलं की भरपूर आणि रोज लावलं जातं.

आमच्याच शास्त्रात औषध पाळलं जाण्याचं एक मोठं उदाहरण आहे, ते म्हणजे कुष्ठरोग. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये बहुविध औषधोपचार सुचवले. रोज घ्यायच्या गोळ्या 28 दिवसांच्या एका पाकिटात, महिन्याचा पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर, सगळं फुकट, आणि जास्त जंतू असलेल्या रुग्णाला 12 महिने. त्यातल्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, गावात लोक विचारतात, तरीही माणसं कोर्स पूर्ण करतात. मी सरकारी नोकरीत असताना हे जवळून पाहिलं. माझ्या मते त्यातली सर्वात ताकदीची गोष्ट गोळी नव्हती, पाकिटं मोजता येणं ही होती. बारावं पाकीट संपलं की संपलं. सोरायसिसला बारावं पाकीट नसतं. तुमच्या वडिलांनी तिन्ही डॉक्टरांना ‘किती दिवस?’ विचारलं असेल आणि तिघांनी ‘बघू’ म्हटलं असेल. शेवट नसलेलं काम कुणीही टाळतो. मी स्वतः दातांच्या फटींत दोरा (फ्लॉस) फिरवणं टाळतो. म्हणून मी शेवट बनवतो: चार आठवडे रोज, मग दोन आठवडे एक दिवसाआड, मग शनिवार-रविवार फक्त. प्रत्येक टप्पा संपतो आणि काम कमी होत जातं.

अमेरिकेतला 2007 चा एक अभ्यास मला फार आवडतो. इसब असलेल्या मुलांना दिलेल्या मलमाच्या झाकणात एक चिप बसवली होती, ट्यूब कधी उघडली ते नोंदवणारी. आठ आठवड्यांत सरासरी 32 टक्केच वेळा मलम लावलं गेलं. मजा म्हणजे डॉक्टरला दाखवायच्या तारखेच्या आसपास लावण्याचं प्रमाण वर चढायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं अभ्यास करतात तसं. हे वाचल्यापासून मी पहिली फेरी महिन्याची ठेवत नाही. दहाव्या दिवशी बोलावतो, फी न घेता, दोन मिनिटांसाठी. त्या दोन मिनिटांत ट्यूब बघतो. पहिले दहा दिवस नीट लागलं की फरक डोळ्यांना दिसतो, आणि एकदा स्वतःच्या डोळ्यांनी फरक दिसला की मला फारसं बोलावं लागत नाही. तुमचे वडीलही आठ-दहा दिवस मन लावून लावतात म्हणता. नेमकं तेव्हाच मलम संपत असावं.

गोळ्यांकडे येतो. आठवड्याची गोळी म्हणजे बहुधा मेथोट्रेक्सेट. ती सोडण्याची कारणं मला पाठ झाली आहेत. नाव शोधलं की ‘कॅन्सरचं औषध’ असं येतं. कॅन्सरमध्ये डोस कितीतरी मोठा असतो हे खाली येतं, तिथपर्यंत कुणी वाचत नाही. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं. लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात, त्यामुळे ‘लिव्हर खराब करणारी गोळी’ असं नाव पडतं. आणि संध्याकाळी एखादा पेग घेणाऱ्याला ‘दारू पूर्ण बंद’ म्हटलं की तो दारूऐवजी गोळी बंद करतो आणि कुणाला सांगत नाही. यातलं काय झालं ते वडिलांना विचारा, पण घरात दहा जणांसमोर नको. आणि कृपा करून उरलेल्या गोळ्या घरच्या घरी परत सुरू करू नका. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं, आणि अशा चुका होतात. मी चिठ्ठीवर वार मराठीत मोठ्या अक्षरात लिहितो, ‘फक्त बुधवार’, आणि फॉलिक अॅसिडची गोळी कोणत्या दिवशी तेही.

आणखी एक सावधगिरी. या कंटाळ्याच्या टप्प्यावर कुणीतरी ‘खात्रीशीर’ पुड्यांचा पत्ता देतं. त्या पुड्यांनी आठ दिवसांत कातडी लोण्यासारखी झाली तर आनंद मानू नका, त्यात पोटातून घ्यायचं स्टेरॉइड असण्याचा संशय धरा. पुड्या बंद झाल्या की सोरायसिस सगळ्या अंगावर उसळतो, कधी पू भरलेल्या फोडांसकट, आणि मग ॲडमिट करावं लागतं.

चिडण्याबद्दल. नऊ वर्षं गादीवरचा कोंडा झटकणारा, सलूनमध्ये न्हाव्याची नजर झेलणारा, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालणारा माणूस ‘लावलं का मलम?’ या प्रश्नात काळजी ऐकत नाही, आरोप ऐकतो. सोरायसिसमध्ये मन खचण्याचं प्रमाण बरंच असतं. झोप, भूक, बोलणं कमी झालं असेल तर तेही डॉक्टरला सांगा, तो या रोगाचाच भाग आहे. घरी प्रश्न विचारणं काही दिवस बंद करा. रात्री जेवणं झाल्यावर, बातम्या चालू असताना, ‘बाबा, पाठ करा इकडे’ एवढंच म्हणून तुम्ही किंवा तुमच्या भावाने पाठीला मलम लावून द्या. बाकीचं ते स्वतः लावतील. सकाळचं राहिलं तर राहू दे. कोणत्या मलमाचं रात्री एकदाच लावून भागेल ते डॉक्टर सांगतील, पुष्कळांचं भागतं.

पुढच्या भेटीला जाताना कपाटातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, अर्धवट, सुकलेल्या, मुदत संपलेल्या, सगळ्या. टेबलावर ओतून डॉक्टरांना सांगा की नऊ वर्षांत एवढं उरलंय. मग पाठीवरचे चट्टे तळहाताने मोजून घ्या आणि विचारा, ‘महिन्याला किती ग्रॅम लागेल?’ नवीन ट्यूब फोडताना तिच्यावर बॉलपेनने तारीख घाला. हे काम वडिलांकडेच द्या. हिशेबातला माणूस आहे, वहीत उतरवतील.